विमल आणि छोटे महाराज

विमलला राग यायचा तो बहुतेक दुपारी एक वाजता. त्या वेळी सिल्वासाजवळ राखोलीच्या आमच्या कारखान्यात जेवणाची घंटा व्हायची, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा व्हायची. या दोन घंटांच्या मध्ये साठ-सत्तर बायकांनी हात धुवायचे, एकाच नळावर पाणी प्यायचं, डबा उघडायचा, खायचा, झाकायचा आणि आपापल्या जागी जाऊन बसायचं. बसून खायला जागाही नव्हती. खोक्यांच्या थप्प्यांमध्ये, जिन्याखाली, भिंतीला टेकून उभ्यानं, जिला जसं जमेल तसं. विमल पहिला घास घेण्याआधी डब्याच्या झाकणावर बोटांची पेरं आपटायची आणि म्हणायची, "चला, गिळा."

आणि आम्ही तिथं बनवत काय होतो, तर स्वयंपाकाचा खेळ. हातात मावणारा, लहान मुलांसाठीचा, बटणं दाबून खेळायचा. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. सिल्वासात करांची सूट होती म्हणून मुंबईचे कारखानदार तिथं शेड बांधत होते. कुणी सूत काढायचं, कुणी प्लास्टिकच्या बादल्या काढायचं, आमचे मालक हे खेळ काढायचे. खेळाचं नाव 'छोटे महाराज'. गुजराती घरांत स्वयंपाक्याला महाराज म्हणतात, त्यावरून. काडेपेटीएवढ्या पडद्यावर एक गोल पोटाचा महाराज कढई घेऊन उभा. वरून पुऱ्या पडायच्या, बटण दाबून त्याला डावी-उजवीकडे न्यायचं आणि पुऱ्या झेलायच्या. पुरी खाली पडली की कावळा येऊन घेऊन जायचा. तीन पुऱ्या गेल्या की खेळ संपला.

मी कोकणातली. लग्न होऊन सिल्वासात आले, नवरा सरकारी शाळेत मास्तर. मला कारखान्याच्या ऑफिसात काम मिळालं ते अक्षर चांगलं म्हणून. खोक्यातलं माहितीपत्रक, सूचना, हजेरी, जे काही मराठीत आणि हिंदीत लिहायचं ते मी लिहायची. माहितीपत्रक तर माझ्याच अक्षरात छापलं होतं. त्यावर वर ठळक ओळ होती, तीही माझीच: 'सगळ्या घरासाठी. चाकू नाही, विस्तव नाही, भांडण नाही.' मालकांना ती फार आवडली होती.

विमल टेस्टिंगला होती. शहाद्याकडची. नवरा सुताच्या कारखान्यात, त्याच्या मागोमाग आली, आणि राखोलीत एका खोलीत राहायला लागली. वय तिशीच्या पुढं, अंगानं काटक, पदर कमरेला इतका घट्ट खोचलेला की दिवसभरात एकदा सैल व्हायचा नाही. बांगड्यांना कापडाची चिंधी गुंडाळलेली असायची, पडद्यावर चरा पडू नये म्हणून. तयार झालेला प्रत्येक नग तिच्या टेबलावर यायचा. तिनं तो चालू करायचा, शंभर पुऱ्या होईपर्यंत खेळायचा, तीन पुऱ्या मुद्दाम पाडायच्या, कावळा येतो की नाही ते बघायचं आणि खोक्यात ठेवायचा. मग दुसरा. सकाळी आठ ते संध्याकाळी साडेपाच.

पडद्याकडे ती बघायचीही नाही. बोलत बोलत खेळायची. आवाजावरून तिला कळायचं कुठल्या नगाचा बझर चिरका आहे. तिचे दोन्ही अंगठे पुढून सपाट आणि कडक झाले होते. एकदा तिनं मला ते दाखवले. "तवा गरम झाला का हे आता मले मनगटानं बघावं लागतं," म्हणाली. "अंगठ्याले काही कळत नाही."

तिचा सगळ्यात जास्त राग त्या महाराजावर होता. मी पहिल्यांदा तिच्या टेबलाशी गेले तेव्हा ती शेजारणीला सांगत होती, "सकाळपासून रांधू राहिला हा मेला. अजून एका माणसाच्या पानात काही पडलं का? पडलं तर कावळ्याच्या. म्हणजे हा जेवण नाही करू राहिला, हा श्राद्ध करू राहिला." शेजारची हसली तर तिच्यावर ओरडली, "हसते काय वं? तुझ्या घरी बी तेच आहे."

संध्याकाळी सुटताना गेटवर बायकांची झडती व्हायची. खेळ लहान, पदराखाली सहज जाईल, म्हणून. पिशव्या उघडायच्या, डबे उघडायचे. एके दिवशी नवीन आलेल्या वॉचमननं विमलचा डबा हलवून बघितला. "यात काहीतरी वाजतंय," म्हणाला. विमलनं त्याच्या हातून डबा घेतला, झाकण काढलं आणि त्याच्या रजिस्टरवर सरळ पालथा केला. दुपारी न संपलेली वांग्याची भाजी होती, रस्सा सगळ्या सह्यांवरून पसरला. चमचा खाली पडला, तोच वाजत होता.

"बघ," ती म्हणाली. "आता पानं उलटून बघ. खाली गेला असेल तुझा महाराज."

त्यावर तिची अर्ध्या दिवसाची मजुरी कापली. कापल्याची नोंद मी केली. तेव्हा मला हसू आलं होतं. आज त्या हसण्याचा मला राग येतो, कारण ती भाजी खाऊन उरलेली नव्हती. तिला ती खायला वेळ मिळाला नव्हता.

पुढच्या वर्षी मालकांनी नवीन खेळ काढायचं ठरवलं. मुंबईहून एक तरुण चित्रकार आला. गोड बोलणारा, खांद्याला झोळी. मॅनेजर भट्टसाहेब त्याला घेऊन लाइनवर आले आणि म्हणाले की या बेन लोक घरी स्वयंपाक करतात, यांना विचारा. सगळ्या खाली बघत बसल्या. विमल म्हणाली, "भाकरीचा काढा."

त्यानं वही उघडली. विमलनं हातातला नग बाजूला ठेवला, जे ती कधी करायची नाही, आणि टेबलावर रिकाम्या हातांनी भाकरी करून दाखवली. पीठ घ्यायचं, पाणी थोडं थोडं, मळायचं, थापायचं, थापताना गोल फिरवत न्यायची. तव्यावर टाकली की वरून पाणी फिरवायचं. उलटायची. मग तवा काढून विस्तवावर धरायची, तिथं ती फुगते. इथं घाई केली की करपते, उशीर केला की कडक होते. "हा खेळ आहे," ती म्हणाली. "पुऱ्या काय, आभाळातून पडतात का?"

चित्रकार भराभर लिहीत होता. खूश झाला होता. "आणि मग?"

"मग बसायचं आणि खायची."

"नाही, म्हणजे खेळात शेवटी काय?"

"तेच सांगू राहिले. शेवटी एक माणूस बसतो. त्याच्या ताटात भाकरी पडते. तो पोटभर खातो. मग दुसरी."

तो हसला. "मावशी, खाण्यात खेळ काय?"

विमलनं त्याच्याकडे बघितलं, मग भट्टसाहेबांकडे. "साहेब, यांना विचारा हे आज दुपारी किती वेळ जेवले." दोघंही मालकांबरोबर दमणला जेवून आले होते. तिनं बाजूला ठेवलेला नग उचलला आणि पुऱ्या झेलायला लागली.

भाकरीचा खेळ निघाला. विमलनं सांगितलं तसाच, पायरीपायरीनं. फक्त विस्तव काढून टाकला, पालकांना आवडणार नाही म्हणून. आणि शेवटचं जेवणही काढून टाकलं. खेळ खूप चालला. खोक्यावर नथ घातलेली एक हसरी बाई छापली होती, तिच्या हातात न फुगलेली भाकरी. पहिला नग टेस्टिंगला आला तेव्हा विमलनं तो खेळून बघितला, खोक्यावरची बाई बघितली आणि मला म्हणाली, "हिला बसायला जागा दिली का?"

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. डोंगरातल्या दुधनी गावाहून जिवली नावाची वारली मुलगी कामाला येत असे. वीस-एकवीस वर्षांची. पहाटे निघायची, अर्धी वाट चालत, अर्धी कुणाच्या टेम्पोत. तिचं काम सोल्डरिंगचं, तापलेल्या कांडीनं तारा जोडायचं. एका दुपारी नळावरची रांग हलली नाही, पाणी बारीक येत होतं. जिवलीनं आधी पाणी प्यायचं ठरवलं आणि दुसरी घंटा झाली. डबा न उघडताच ती जागेवर येऊन बसली. तीनच्या सुमाराला ती बसल्या जागी पुढं कलली आणि तिचा हात तापलेल्या सोल्डरच्या कांडीवर पडला. मला ऑफिसात वास आला आधी, ओरडणं नंतर.

शिफ्टवर देखरेख करणारा माणूस आला. जिवलीला बाजूला बसवा म्हणाला आणि तिच्या जागी दुसरी बाई बसवली. हाताला कुणीतरी टूथपेस्ट लावली. विमलनं आपल्या डब्यातला भाकरीचा तुकडा काढून जिवलीच्या दुसऱ्या हातात दिला आणि ती खाईपर्यंत समोर उभी राहिली. तिच्या टेबलावर नग साचत गेले. शिफ्टचा माणूस काही म्हणाला तर तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.

संध्याकाळी ती ऑफिसच्या दारात आली.

"बाई, तुम्ही शिकलेल्या. जेवायला किती वेळ द्यायचा, याचा काही कायदा असतो का?"

मला माहीत होतं. कारखान्यात कायद्याचं एक पत्रक भिंतीवर लावावं लागतं. ते मीच लावलं होतं, भट्टसाहेबांनी सांगितलं तसं: फक्त इंग्रजीत, आणि टाइम ऑफिसच्या दारामागे, दार उघडं असलं की झाकलं जाईल असं. पाच तासांच्या कामामागे अर्धा तास विश्रांती, असं त्यात होतं. मी तिला सांगितलं, ते पत्रक कुठं आणि कुणाच्या सांगण्यावरून लावलं तेही.

ती मग म्हणाली, "तुम्हाले कधीपासून माहीत?"

"दोन वर्षं झाली."

"आणि ऑफिसवाल्यांना जेवायला किती?"

"अर्धा तास," मी म्हटलं.

"म्हणजे दोन वर्षं तुम्ही अर्धा तास जेवत होत्या."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "ते मराठीत लिहून द्या. मोठ्या अक्षरात."

मी लिहून दिलं. खोक्याच्या पुठ्ठ्यावर, जाड पेननं. त्या वेळी मला स्वतःचा अभिमानही वाटला होता.

दुसऱ्या दिवशी तो पुठ्ठा तिच्या टेबलावर उभा होता. एकची घंटा झाली. विमलनं लाइनच्या मधल्या मोकळ्या जागेत पोतं अंथरलं आणि मांडी घालून बसली. डबा उघडला. पंधरा मिनिटांनी दुसरी घंटा झाली. ती खात राहिली. जवळच्या बायका उठायला लागल्या तेव्हा म्हणाली, "उठू नका वं. घास संपवा." तिच्या बाजूला जिवली बसली, हाताला चिंधी बांधलेली. मग एकेक करून बाकीच्या. पंखे फिरत होते आणि लाइनवर कुणी नव्हतं. एवढ्या बायका एकत्र बसून जेवताना मी तिथं पहिल्यांदा पाहिल्या. कुणीतरी कुणाला लोणचं देत होतं.

भट्टसाहेब धावत आले. "विमलबेन, घंटी सुनाई नहीं दी?"

"आली ना ऐकू."

"तो ये क्या है?"

"जेवण," विमल म्हणाली. "पाच मिनिटं राहिली, साहेब. मग उठतो."

बरोबर अर्धा तास झाला तेव्हा त्या उठल्या, हात धुतले आणि कामाला बसल्या. पुढच्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी सकाळी भट्टसाहेबांनी तो पुठ्ठा उचलला, विमलला ऑफिसात बोलावलं आणि माझ्या टेबलासमोर उभं केलं.

"हे कोणी लिहिलं?"

"मी," विमल म्हणाली.

"तू चौथी शिकलेली. हे अक्षर तुझं?"

"माझंच."

पुठ्ठ्याशेजारी टेबलावर माहितीपत्रकांचा गठ्ठा होता. तेच अक्षर, तोच र, तोच ळ. भट्टसाहेबांनी दोन्हींकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. विमलनं माझ्याकडे बघितलं नाही. ती भिंतीकडे बघत उभी राहिली. मला बोलायला भरपूर वेळ होता. मी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

तिला जायला सांगून साहेबांनी दार लावलं. "बेन," ते म्हणाले, आवाज अजिबात न चढवता, "तुमचे मिस्टर सरकारी नोकर आहेत. कारखान्यात बायकांना भडकवणं बरं दिसत नाही. लिहा." आणि त्यांनी सांगितलं ते मी लिहिलं. विमल ही कामगार कंपनीचा माल पिशवीतून नेताना सापडली, म्हणून तिला आजपासून कामावरून कमी करण्यात येत आहे. मी एकदा म्हटलं, "साहेब, सापडली नाही हो ती." ते म्हणाले, "तुम्ही गेटवर होता का?" मी नव्हते. मी लिहिलं. शुद्धलेखन तपासलं. ते आठवलं की आजही माझे कान तापतात. खोटं लिहिताना मी ऱ्हस्व-दीर्घ बघत होते.

संध्याकाळी ती सूचना गेटवर लागली. विमल एकेक अक्षर लावत वाचत होती. बायका मागे थांबल्या होत्या. वाचून झाल्यावर ती ऑफिसच्या खिडकीशी आली. मला वाटलं होतं ती शिव्या देईल.

"चोरी लिहिलं?" ती म्हणाली. "दुसरं काही बी लिहायचं होतं. भांडखोर लिहिलं असतं तर मी स्वतः खाली सही केली असती. चोरी का लिहिलं?"

"मला सांगितलं तसं..."

"हो. तुम्हाले सांगितलं तसं." ती खिडकीच्या गजांना धरून उभी होती. "ते कायद्याचं पत्रक पण सांगितलं तसंच लावलं होतं ना?"

मग ती गेली. त्या दिवशी झडतीला तिनं पिशवी उघडली नाही, आणि वॉचमननं मागितलीही नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं पूर्वीसारखं होईल असं भट्टसाहेबांना वाटलं होतं. मलाही वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर तसं व्हावं असं मी मनात धरून होते, म्हणजे माझं लिहिणं आणि इतरांचं गप्प बसणं एकाच मापाचं झालं असतं. एकची घंटा झाली. मग दुसरी झाली. जिवली मोकळ्या जागेत बसलेली होती, एकटी. शिफ्टच्या माणसानं तिला उठायला सांगितलं. ती म्हणाली, "जेवून उठतंय." तिला काढणार कशी? तिच्या हातावरची चिंधी सगळ्यांना दिसत होती, काढलं असतं तर भाजल्याची गोष्ट बाहेर गेली असती. तिच्याशेजारी दुसरी येऊन बसली, मग तिसरी.

महिनाभर ओढाताण चालली. आधी वीस मिनिटं दिली, मग पंचवीस. पुढं परदेशातले गिऱ्हाईक कारखाना बघायला येणार म्हटल्यावर शेडच्या मागे पत्रा टाकून बाकं लावली, दुसरा नळ बसवला आणि अर्धा तास जाहीर केला. उद्घाटनाला पेढे वाटले. भट्टसाहेब भाषणात म्हणाले की कामगार आमच्या कुटुंबासारखे आहेत. मी पेढा घेतला. विमलचं नाव त्या दिवशी एकाही बाईनं मोठ्यानं घेतलं नाही, मीही नाही, आणि त्या बाकांवर बसून मी नंतर चार वर्षं जेवले.

तिचं काय झालं ते तुकड्यातुकड्यांनी कळायचं. जवळच्या पिपरियातल्या दोन कारखान्यांत ती गेली, दोन्हीकडे चोरीची गोष्ट आधी पोचली होती. मग घरं बांधायच्या कामावर विटा उचलायला जायची, असं एकीनं सांगितलं. सुरंगी गावाकडे कुणाच्या शेतावर जाते, असं दुसरीनं. मी राखोलीच्या तिच्या खोलीकडे एकदा गेले होते, कोपऱ्यापर्यंत. तिथून परत फिरले. कामाला उशीर होईल असं स्वतःला सांगितलं. त्या दिवशी रविवार होता.

शेवटची ती मला दिसली सिल्वासाच्या सरकारी दवाखान्यात. माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची, अंगात फणफणून ताप. केसपेपरच्या खिडकीपासून बाहेरच्या पायऱ्यांपर्यंत रांग होती, आणि खिडकीशी कुणीतरी भांडत होतं. तो आवाज मी ओळखला. कुणा कारखान्याच्या साहेबाचा ड्रायव्हर मधे घुसून चिठ्ठी घेत होता आणि विमलनं खिडकीच्या फळीवर हात आडवा ठेवला होता. तिच्या मागे तिचा नवरा भिंतीला टेकून खोकत होता. ती वाळली होती. केस कानापाशी पांढरे झाले होते. पदर तसाच घट्ट.

"रांग आहे," ती सांगत होती. "साहेब असू दे नाहीतर साहेबाची गाडी. रांग आहे."

खिडकीतल्या माणसाचा मुलगा माझ्या नवऱ्याच्या वर्गात होता. त्याची नजर माझ्याकडे गेली आणि त्यानं मान उंचावली. "अरे बेन, मास्तरांच्या घरच्या ना? या, तुम्ही पुढं या."

सगळी रांग वळून बघायला लागली. विमलही वळली. तिनं मला ओळखलं हे मला तिच्या जबड्यावरून कळलं.

"मी रांगेतच थांबते," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या खांद्यावर पडलेल्या पोरीकडे बघत होती. रांगेच्या कडेकडेनं ती माझ्यापाशी आली आणि पोरीच्या मानेखाली हात घातला. मग रांगेला मोठ्यानं म्हणाली, "हिला लई ताप आहे. हिला आधी जाऊ द्या." कुणी नाही म्हणालं नाही. मी पाऊल पुढं टाकलं तसं तिनं मला हातानंच थांबवलं.

"तुम्ही इथंच उभ्या राहा," ती म्हणाली. "पोरीले मी नेते."

पोर तिच्याकडे गेली, रडलीही नाही. मी तिथं उभी राहिले. तिचा नवरा खोकत होता, मधून माझ्याकडे बघत होता. मी कोण हे त्याला माहीत होतं की नाही, मला कळलं नाही. अर्ध्या तासानं ती आली. पोरीच्या कपाळावर ओली पट्टी होती, हातात औषधाची चिठ्ठी. पोर आणि चिठ्ठी तिनं माझ्याकडे दिली.

"दिवसातून तीन वेळा. काही खाल्ल्यावर द्यायचं, रिकाम्या पोटी नाही. गोळी बारीक करा, नाहीतर थुंकेल."

"विमलताई," मी म्हटलं, "मला त्या वेळी..."

"मी काही विसरली नाही," ती म्हणाली. "पोरीचा त्यात काय दोष. घेऊन जा तिला, ऊन वाढू राहिलं."

मी पायऱ्या उतरून खाली आले. मागे वळून बघितलं तेव्हा ती पुन्हा खिडकीशी उभी होती, हात फळीवर आडवा. तो ड्रायव्हर परत आला होता, आणि ती त्याला रांगेचं शेवटचं टोक दाखवत होती.